परिचारिकेचे शिक्षण आणि रोग्याचे रक्षण



समर्थांच्या जन्मगावी कोणत्याही विद्येविषयी बोलावयाचे म्हणजे बोलणाऱ्याने जरा जपूनच तोंड उघडले पाहिजे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणे सांगून ठेवली आहेत. साध्या मूर्खाला एक समास आणि शिकलेल्या मूर्खाला निराळा, अशी त्यांची वाटणी आहे. ज्याला कळते पण वळत नाही, जो दुसऱ्याला सांगतो पण स्वतः तसे वागत नाही, त्याच्याविषयी समर्थांनी मुळीच भीड ठेवलेली नाही. आता बहुतेक विद्यांत अशा मूर्खपणाचे फळ ज्याचे त्यालाच भोगावे लागते. व्याकरण पाठ करून चुकीचे लिहिणाऱ्याचे हसे होते. हिशेब शिकून वही न लिहिणाऱ्याचे दुकान बसते. रोग्याच्या शुश्रूषेची विद्या मात्र अशी आहे, की तेथे शिक्षण कच्चे राहते एकाचे आणि जीव जातो दुसऱ्याचा. परिचारिकेला काय शिकविले, कोणी शिकविले आणि कसे शिकविले, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षणखात्याचा नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील आजारी माणसाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचा थोडा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

शुश्रूषेचा विचार आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांतील एक पाय लंगडा झाला तरी चिकित्सा नीट चालत नाही. परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत तेही तेथे सांगितले आहे. उपचाराचे ज्ञान, हाताची तत्परता, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता असे ते चार गुण. यातील क्रम पाहण्यासारखा आहे. ज्ञान पहिले आले आहे आणि प्रेम त्याच्या मागून. आपण परिचारिकेची स्तुती करतो तेव्हा नेमके उलटे करतो. तिची माया, तिचा त्याग, तिचे हसतमुख यांवर भाषणे होतात. तिला काय येते, असे विचारणारा क्वचितच भेटतो. चरकाने हे जाणले होते, की अडाणी मायेने रोगी बरा होत नाही. परंतु हे ज्ञान द्यावयाचे कोठे आणि त्याची परीक्षा घ्यावयाची कोणी, याची पक्की व्यवस्था आपल्या समाजात लागली नाही. शुश्रूषा घरातल्या बायकांकडे राहिली, बाळंतपण सुइणीकडे राहिले, आणि जे ज्ञान होते ते सासूकडून सुनेकडे, सुइणीकडून तिच्या लेकीकडे, चांगल्यावाईटासह जात राहिले.

शिकवणे आणि रोग्याचे रक्षण यांचा संबंध किती निकटचा आहे, हे जगाला ढळढळीतपणे दिसले ते १८४७ साली, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात. तेथील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अकरांहून अधिक मरण पावल्या. दुसऱ्यात तीनांहूनही कमी. शहरातील बायका पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून गयावया करीत. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने या गोष्टीचा ध्यास घेतला. त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून बाळंतज्वरासारख्याच लक्षणांनी वारला, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणीकडे येत होते! त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा अठरावर गेलेले मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत शेकडा दोनच्या आसपास आले.

या गोष्टीतील मर्म हे, की तेथे ज्ञानाची उणीव नव्हती. युरोपातील नामांकित अध्यापक त्या विभागात शिकवीत होते. शिकवण्याची रीतच रोग्याच्या जिवावर उठली होती. ज्या खोलीत विद्या दिली जात होती त्याच खोलीतून मृत्यू बाहेर पडत होता. पुढे सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या काळातील अनेक थोरांनी मानले नाही. आपल्या हातांनी रोगी दगावला, हे कबूल करणे विद्वानाला फार जड जाते.

यानंतर सातच वर्षांनी, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. त्यांच्या हातातील दिव्याची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या दिव्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्यांच्या वहीत होती. १८५५च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झालेल्यांपैकी शेकडा बेचाळीस मरत होते. मार्चमध्ये गटारे उपसण्यात आली, हवा खेळती झाली, आणि उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण शेकडा दोनवर उतरले. युद्ध संपल्यावर आकडे तपासताना खुद्द बाईंच्या ध्यानात आले, की केवळ सेवेने जे साधले नव्हते ते स्वच्छतेने साधले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी होत्या. जगातील परिचर्या-शिक्षणाचा आधुनिक अध्याय येथून सुरू झाला असे सर्व पुस्तके सांगतात.

पुस्तके पुढची गोष्ट सांगतातच असे नाही. शाळा सुरू होऊन दहाबारा वर्षे झाल्यावर नाइटिंगेलबाईंनी स्वतः चौकशी केली, तेव्हा असे आढळले, की ठरलेली व्याख्याने नीट होतच नव्हती आणि शिकाऊ मुलींना वॉर्डातील कामालाच जुंपले जात होते. नाव जगभर गाजत होते आणि आत शिकवणे आटले होते! बाईंनी ते झाकले नाही. शिकविणारे बदलले, मुलींच्या वह्या स्वतः मागवून वाचण्यास प्रारंभ केला. शाळेची कीर्ती आणि शाळेतील शिकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांनी आपल्या हयातीतच घालून दिला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८८६ साली मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा इस्पितळ उघडले. एडिंबरोच्या विद्यापीठाशी झगडून वैद्यकाची वाट मोकळी करणाऱ्या स्त्रियांपैकी एक, डॉ. एडिथ पीची, त्या इस्पितळाच्या पहिल्या प्रमुख झाल्या, आणि त्यांनी तेथे परिचारिकांना शिकविण्याची सोय केली. १८९१ साली बाई काशीबाई गणपत मुंबईत परिचर्या शिकण्यास आल्या; रीतसर शिक्षण घेण्यास आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. १८९७च्या प्लेगात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात रोगी आणून पोहोचवीत होत्या. त्याच कामात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या थोर मृत्यूपुढे आपण नतमस्तक होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली पाहिजे. जो सेवा करतो त्याच्या स्वतःच्या रक्षणाची व्यवस्था करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. परिचारिका सुरक्षित नसेल तर रोगी सुरक्षित राहत नाही.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभारले आणि पुढे तेथील मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्यास सुरुवात केली. त्या काळी पांढरपेशा घरातील विधवेने परक्या पुरुषाची जखम धुवावी, विटाळ न मानता कोणत्याही जातीच्या रोग्याला पाणी पाजावे, ही कल्पना समाजाला सहन होणारी नव्हती. विरोध झाला, टवाळी झाली. रमाबाईंनी वसतिगृह काढले, मुलींच्या राहण्याजेवणाची जबाबदारी घेतली, म्हणून आईबापांचा धीर वाढला. सुधारणेच्या इतिहासात याची नोंद स्त्रीच्या स्वावलंबनाचा एक टप्पा म्हणून होते, आणि ती योग्यच आहे. मात्र याच वसतिगृहाकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. ज्या मुलीला नीट निजावयास जागा आहे, दोन वेळा जेवण आहे आणि अभ्यासाला दिवा आहे, तीच पहाटे तीन वाजता औषधाच्या बाटलीवरील अक्षर नीट वाचू शकते. वसतिगृह हे रोग्याच्याही सुरक्षिततेचे साधन होते.

येथेच या शिक्षणाची जुनी जखम आपणांस दिसते. इस्पितळांना हात हवे होते आणि शिकाऊ मुली हे सर्वांत स्वस्त हात होते. शाळेला निराळे पैसे नाहीत, निराळे शिक्षक नाहीत; सकाळपासून काम आणि थकल्यानंतर व्याख्यान, ही रीत पडली. रात्रीच्या पाळीला अख्खा वॉर्ड शिकाऊ मुलीच्या हवाली करण्यात कोणाला वावगे वाटत नसे. हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हता. अमेरिकेत १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालानेही हेच सांगितले, की इस्पितळाच्या कामापुढे शाळेतील शिकवण्याचा बळी जात आहे. आपल्याकडे १९४६च्या भोर समितीने जे चित्र मांडले ते अधिकच विदारक होते. सुमारे तीस कोटींच्या देशात शिकलेल्या परिचारिका होत्या साताएक हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्यांच्या राहण्याची दुर्दशा आणि कामाचा असह्य बोजा हेही समितीने स्पष्ट शब्दांत नोंदविले.

कायदे झाले, पण सावकाश. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्यभेटकर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. आपला हा भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. १९४७च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होऊन देशभर शिक्षणाची एक पातळी ठरविण्याची सोय झाली. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने साऱ्या राज्याला एक नोंदणी मिळाली. १९६४ साली मुंबईत महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परिचर्येची पदवी त्याच्या कक्षेत आली. कागदावर पाहिले तर ही वाटचाल अभिमानास्पद आहे.

परंतु कागदावरची पातळी आणि खाटेजवळची पातळी एकच असते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी दोन घटना सांगतो. दोहोंमध्ये एकशे अठरा वर्षांचे अंतर आहे.

१९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. त्या दिवशी एकशे सात जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिनसारख्या शास्त्रज्ञाला कामावरून दूर केले गेले. पुढे असे उघड झाले, की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. हाफकिन यांच्यावरील कलंक १९०७ साली धुऊन निघाला. आज त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव आहे.

दुसरी घटना आपल्या राज्यातील आणि कालपरवाची. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओच्या मोहिमेच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांच्या तोंडात लसीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या द्रवाचे थेंब घातले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सारी वाचली. संबंधितांवर कारवाई झाली.

मुलकोवालचा चिमटा आणि यवतमाळची बाटली यांमध्ये विज्ञान केवढे पुढे गेले! तरी चूक मात्र एकाच घरातली आहे. दोन्ही ठिकाणी कठीण विद्येची उणीव नव्हती. पडलेले हत्यार पुन्हा निर्जंतुक करावयाचे, बाटली उचलताना, औषध घेताना आणि बाटली परत ठेवताना अशी तीन वेळा तिच्यावरील नाव वाचावयाचे, हे परिचर्येच्या पहिल्या वर्षातील धडे आहेत. रोगी तोच, औषध तेच, मात्रा तीच, वाट तीच आणि वेळ तीच, ही पाच प्रश्नांची मोजणीही प्रत्येक विद्यार्थिनी परीक्षेत लिहून दाखविते. परीक्षेत लिहिणे आणि गर्दीत, घाईत, झोप डोळ्यांवर असताना हाताने तसेच करणे यांमधील जे अंतर, ते तोडणे हेच अध्यापनाचे काम. ते फळ्यावर होत नाही. ते खाटेजवळ होते, आणि शिकविणारी बाई तेथे स्वतः उभी असेल तरच होते.

अशा शिकवण्याचे फळ काय मिळते, याचा दाखला आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे खेड्यातील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन कसे घ्यावे, श्वास कसे मोजावे, ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची खूण कोणती, इंजेक्शन केव्हा आणि किती द्यावे, हे एकेक कौशल्य हाताला वळण लागेपर्यंत घोटून घेतले आणि त्यांच्या कामावर नियमाने देखरेख ठेवली. एकोणचाळीस गावांत हे काम चालले. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती त्यांच्याशी ताडून पाहता, नवजात बालकांचे मृत्यू शेकडा बासष्टने घटलेले दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. या स्त्रियांपाशी मोठ्या पदव्या नव्हत्या. त्यांच्यापाशी पक्के शिक्षण होते.

यावरून पदवी निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या तीनशे रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा दहाने अधिक, तेथे मृत्यूची शक्यता शेकडा सातने कमी. आणि प्रत्येक परिचारिकेवर एकेका रोग्याचा भार वाढला, की ती शक्यता शेकडा सातने अधिक, असे त्यात दिसून आले. शिक्षण चांगले हवे आणि ते वापरण्यास उसंतही हवी. एका बाईकडे पन्नास खाटा देऊन तिच्याकडून ग्रंथातल्यासारखी दक्षता मागणे हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. चूक झाल्यावर काय करावयाचे, हे आपण मुलींना काय शिकवितो? मात्रा चुकली म्हणून सांगावयास आलेल्या मुलीला सर्वांसमक्ष फैलावर घेतले, की त्या वर्गातील बाकीच्या मुली एक धडा कायमचा शिकतात : पुढच्या वेळी सांगावयाचे नाही. मग चूक झाकली जाते, रोग्यावरचा वेळीच करावयाचा उपाय राहून जातो, आणि तीच चूक पुढच्या पाळीत दुसरीच्या हातून होते. हलगर्जीपणाला शासन हवे, यात वाद नाही. पण पडलेला चिमटा ज्याने सांगावयाचा, त्याची जीभच भीतीने बांधली तर रोग्याला कोण वाचविणार? चांगल्या शाळेची ओळख ही, की तेथे चूक लगेच सांगितली जाते, नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिली जाते आणि ती का झाली याचा शोध घेतला जातो. लेखनक्रियेवर निराळा समास लिहिणाऱ्या समर्थांच्या गावी स्वच्छ अक्षराचे महत्त्व मी काय सांगावे! औषधाच्या कागदावरील एका दशांशचिन्हाने मात्रा दहापट होते.

आता शेवटी आपल्या दाराशी येऊ. जालना जिल्ह्यातील, साऱ्या मराठवाड्यातील अनेक आईबाप आज आपल्या लेकींना, आणि काही लेकांनाही, या शिक्षणाला पाठवितात. त्यासाठी कोणी कर्ज काढतो, कोणी रान गहाण टाकतो. प्रवेश घेताना आपण इमारत पाहतो, फी विचारतो, नोकरी लागेल का ते विचारतो. यांबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत. विद्यार्थिनी ज्या रुग्णालयात शिकणार ते कोठे आहे आणि त्याच्या खाटांवर खरोखर रोगी असतात काय? दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असावी अशी अपेक्षा परिषदेच्या नियमांत आहे; ती शिक्षिका नावाने हजेरीपटावर आहे, की वॉर्डात उभी असते? मुलीने पहिले इंजेक्शन माणसाला देण्यापूर्वी ते पुतळ्यावर किती वेळा दिले? रात्रपाळीत तिच्याजवळ शिकलेली सिस्टर असते काय? वर्षभरात हातून झालेल्या चुकांची वही शाळेत आहे काय?

या प्रश्नांनी शाळा रागावत असेल तर तेच तिचे उत्तर समजावे. ज्या शाळेला शिकवण्याचा अभिमान आहे ती आपणांस आत बोलावील आणि वही उघडून दाखवील. कारण त्या वर्गातून बाहेर पडणारी मुलगी उद्या कोणाच्या उशाशी उभी राहील, हे कोणालाच ठाऊक नाही. ती आपल्या आईच्या उशाशी असेल, आपल्या नातवाच्या असेल. तिच्या शिक्षणात आज आपण जेवढे लक्ष घालू, तेवढीच त्या वेळी आपणांस निर्धास्त झोप लागेल.